नागीण कुठं सोडली?

आप्पांना नागीण झाली तेव्हा आमच्या घरी डॉक्टरांच्या आधी सर्पमित्र येऊन गेला. त्याला मी बोलावलं होतं.

पुढचं सांगण्याआधी माझी बाजू मांडते. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं. मराठीच्या पुस्तकात नागीण मला एकदाच भेटली आणि ती बिळात राहत होती. ती माणसाच्या कमरेलाही निघते, असं कुठल्याच धड्यात नव्हतं. (‘शिंगल्स’ हा शब्द मला येत होता. स्पेलिंगसकट! पण शिंगल्स म्हणजेच नागीण, अशी आमची ओळख कुणी करून दिली नव्हती.) दुसरं म्हणजे, माझे आई-आप्पा महत्त्वाचं सगळं कानडीत बोलतात. मला आणि दादाला (तो आता परगावी असतो) कळू नये म्हणून लहानपणी केलेली ही सोय मी पंचविशीला आले तरी चालूच आहे. मला कानडी कळते, पण खिडकीतून शेजारचा टीव्ही ऐकू यावा तशी, तुकड्यातुकड्यानं. आणि तिसरं, मी कुणाला काही विचारत नाही. लोकांना वाटतं, मुलगी शांत आहे. प्रत्यक्षात मी मनात प्रश्नाची वाक्यरचना जुळवत असते, आणि ती जुळेपर्यंत लोक हात धुऊन जेवायला बसलेले असतात.

आप्पांचं सोलापुरात दोर आणि ताडपत्रीचं दुकान आहे. त्या आठवड्यात त्यांची उजवी पाठ दुखत होती. ताडपत्रीचा गठ्ठा उचलताना चमक भरली, असं घरात ठरलं. आईनं बाम चोळला. आप्पा म्हणत होते, “अगं, दुखत न्हाय, आग व्हायलीय. शर्टसुद्धा टोचायलाय अंगाला.” याकडे कुणी लक्ष दिलं नाही, कारण आप्पांना दर दिवाळीत नवा शर्ट टोचतो.

मग एका सकाळी मी माझ्या खोलीत लॅपटॉप उघडून ऑफिसच्या मीटिंगला बसले होते (कॅमेरा बंद, माइक बंद, म्हणजे माझी आवडती अवस्था), आणि बाथरूममधून आप्पांची हाक आली.

“अगंऽ! हिकडं ये! हे बघ काय हाय!”

आईची पावलं धावत गेली. मग आई ओरडली, “अय्य शिवा! नागीण!”

मी कान टवकारले.

“हलू नका तुम्ही. शारदाकाकूंना बोलावते.”

शारदाकाकू समोरच्या घरात राहतात. गल्लीत कुणाला काही झालं की आधी काकूंना दाखवायचं, मग डॉक्टरला, अशी पद्धत आहे. काकू आल्या. मी दाराला कान लावला. दार उघडून विचारता आलं असतं, पण त्यासाठी वाक्य जुळवावं लागलं असतं.

“नागीणच हाय की ही!” काकू म्हणाल्या. “डोस्कं कुटं हाय?”

“पोटाकडं,” आई म्हणाली.

“आन शेपूट?”

“मागं. मणक्यापाशी.”

“लई मोटी हाय बाई! हात लावू नका कुनी.”

“मला परवापास्नं वाटायलंतं,” आप्पा म्हणाले, “काहीतरी वळवळायलंय म्हणून.”

परवापासून! म्हणजे आप्पा दोन दिवस ती घेऊन दुकानात बसत होते! तरीही मी स्वतःला समजावत होते की आपण चुकीचं ऐकतोय. एवढ्यात आईनं दुधनीला फोन लावला. तिथं तिचे मल्लप्पामामा असतात. आई कानडीत ओरडली, “सर्पसुत्तु आग्यादरी मामा, सर्पसुत्तु!”

‘सर्प’ मला कळला. ‘सुत्तु’ म्हणजे वेढा, हेही माहीत होतं. म्हणजे मराठीत नागीण आणि कानडीत वेढा घातलेला सर्प! दोन स्वतंत्र भाषांतून एकाच गोष्टीला दुजोरा मिळाल्यावर शंकेला जागा उरली नाही. मी आतून कडी लावली आणि पलंगावर चढून उभी राहिले.

पलंगावर उभं राहिल्यावर मात्र मला लाज वाटली. पलीकडं माझा जन्मदाता कमरेला नागीण गुंडाळून उभा आहे आणि मी उशी छातीशी धरून उभी आहे! काहीतरी करायला हवं होतं. मी आप्पांना मेसेज पाठवला, ‘आप्पा, प्लीज हलू नका. मदत येतेय.’ (खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात टिंग वाजलं.) मग मोबाइलवर सर्पमित्राचा नंबर शोधला. मी आयुष्यात कधी रिक्षासुद्धा फोन करून बोलावलेली नव्हती. पण त्या दिवशी फोन केला.

“हॅलो... आमच्याकडं नागीण निघालीय.”

“कुठं आहे मॅडम आत्ता?”

“वडिलांच्या कमरेला.”

“कमरेला म्हणजे?”

“गुंडाळलीय. डोकं पोटाकडं आहे.”

“जिवंत आहेत ना?”

“नागीण?”

“वडील!”

“हो, हो. बोलतायत.”

“त्यांना सांगा, बोलू नका, हलू नका. नागिणीला धक्का लागता कामा नये. पत्ता पाठवा, मी निघालो!”

इकडं बैठकीत दुधनीचा फोन संपला होता. मामा नागीण उतरवतात, हे मला नंतर कळलं. गेरू लावतात, काहीतरी पुटपुटतात, पाच दिवस येतात. मामांनी आईला सांगितलं होतं की मला यायला दुपार होईल, तोवर सोलापुरातला माझा शिष्य पाठवतो. म्हणजे आई एका अनोळखी माणसाची वाट बघत होती, आणि मीही एका अनोळखी माणसाची वाट बघत होते. बेल वाजली तेव्हा दोघींनाही हायसं वाटलं. (मामांच्या खऱ्या शिष्याला आमचं घर अजूनही सापडलेलं नाही.)

आईनं दार उघडलं. दारात चाळिशीचा, मिशाळ, गंभीर माणूस. एका हातात आकडा लावलेली लांब काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

“नागीण कुठं आहे?”

“आत हाय. या की.”

“सगळे मागं सरका. घरात लहान मुलं आहेत?”

“एक मुलगी हाय. पंचवीस वर्षांची. आतून कडी लावून बसलीय.”

“चांगलं केलं तिनं.” (त्या संपूर्ण दिवसात माझं झालेलं हे एकमेव कौतुक.)

“काठी कशाला वो ह्यांच्याकडं?” आई कुजबुजली.

“असंल की त्येंची पद्धत,” काकू म्हणाल्या.

आप्पा कॉटवर डाव्या कुशीवर पडले होते. अंगावर टॉवेल होता. सर्पमित्र दारातच थबकला.

“टॉवेलखाली आहे?”

“व्हय,” आप्पा कण्हले.

“झोपलीय का?”

“कशाची झोपतीय! रात्रभर न्हाय झोपली, मलाबी न्हाय झोपू दिलं.”

“काका, आता शांत पडा. डोळे मिटा. मी टॉवेल उचलतो.”

आप्पांनी डोळे मिटून हात जोडले. आईनंही जोडले. सर्पमित्रानं दुरूनच आकड्यानं टॉवेलचं टोक धरलं आणि तसूतसूनं वर उचललं.

“कुठंय?”

“ही काय!”

“कुठं?”

“अवो ही! लाल! मणक्यापास्नं बेंबीपत्तोर आलीय आन तुमास्नी दिसंना?” काकूंचा संयम सुटला.

तो वाकला. बराच वेळ बघत राहिला. आप्पांच्या उजव्या कमरेवर, पाठीपासून पोटापर्यंत, पाण्यानं भरलेल्या बारीक फोडांचा लालभडक पट्टा होता.

“काका,” तो सावकाश म्हणाला, “ही नागीण आहे.”

“मग आम्ही मघापास्नं काय म्हणायलोय?”

साप पकडल्याचा काहीच आवाज येईना, तेव्हा मला राहवेना. मी कडी काढून बाहेर आले. सर्पमित्रानं माझ्याकडं पाहिलं, मग फोनकडं पाहिलं.

“मॅडम, फोन तुम्हीच केला होता का?”

मी मान हलवली. आईनं माझ्याकडं जे पाहिलं त्याचं भाषांतर कुठल्याच माध्यमात होणार नाही.

“म्हणजे तुम्ही मामांचे शिष्य न्हवं?” तिनं त्याला विचारलं.

“नाही. मी नागेश. सर्पमित्र. आम्ही साप पकडतो आणि लांब माळावर नेऊन सोडतो. ही कशी सोडणार?”

“नावसुदिक बराबर हाय की,” काकू म्हणाल्या.

आलाच आहे तर चहा घेऊन जावा, असं ठरलं. बशीत चहा ओतता ओतता नागेशराव सहज म्हणाले, “माझ्या आजोबांना झाली होती ही. चांगला पैलवान माणूस. पण डोकं आणि शेपूट एकमेकाला भेटलं, आणि...”

“आणि काय?” आप्पांनी उठून बसत विचारलं.

“चहा छान झालाय,” नागेशराव म्हणाले.

ते गेले. काठी गेली, पिशवी गेली, पण ते ‘आणि’ आमच्या घरात राहिलं. नागिणीचा वेढा पूर्ण झाला की माणूस संपतो, हे आप्पांनी आयुष्यभर ऐकलेलं होतं. त्यांनी हातानं कमरेचं माप घेतलं. दोराचं माप घेण्यात त्यांचा हात कधी चुकत नाही. “अर्धी झाली,” ते म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून निरवानिरव सुरू केली. “ताडपत्री मीटरवर विकायची, किलोवर न्हाय. काथ्याचा दोर ओल धरतो, त्यो माळ्यावर ठेवा. आन पोरीला दुकानात बसवू नका. तिला न्हाय जमणार. गिऱ्हाइकासंगं बोलावं लागतं.”

माणूस मरणाच्या दारातसुद्धा इतकं अचूक बोलू शकतो, हे मला लागलं. मी खोलीत गेले आणि मोबाइलवर ‘नागीण आजार’ असं लिहिलं. पहिलीच ओळ आली: शिंगल्स! अरे, ही तर ओळखीची!

पुढचं वाचलं आणि माझं हसू मावळलं. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. मणक्याजवळ, मज्जातंतूच्या मुळाशी तो वर्षानुवर्षं पडून राहतो. वय झालं, अंगातली ताकद कमी पडली की जागा होतो आणि त्या एका तंतूवरून सरपटत त्वचेपर्यंत येतो. म्हणून आधी नुसती आग होते आणि फोड मागून दिसतात. गोळ्या आहेत, पण फोड आल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केल्या तर चांगल्या लागू पडतात. उशीर झाला तर फोड जातात, पण त्या तंतूचं दुखणं महिनोन्‌महिने राहू शकतं. आणि आईला आप्पांच्या पाठीवर पहिले फोड कालच दिसले होते. तिनं त्यांना घामोळं समजून पावडर लावली होती.

म्हणजे मामांचे पाच दिवस परवडणारे नव्हते. शिवाय मामांची अट होती की गेरू चालू असताना डॉक्टरची गोळी चालणार नाही. ते यायच्या आत मला घरातल्यांशी बोलावं लागणार होतं. सलग, आणि मोठ्यानं!

मी बाहेर आले. “आई, ह्याला शिंगल्स म्हणतात.”

माझा आवाज मोठ्या प्रसंगी आणखी बारीक होतो.

“शेंगा?” आई म्हणाली.

“शेंगा नाही. शिंगल्स.”

“शेंगानं झालंय म्हणती,” आईनं काकूंना सांगितलं.

“हुईल की! शेंगा उष्णच. आन ह्ये रोज भाकरीला वाटीभर शेंगाचटणी खातेत!”

मी काही बोलायच्या आत चटणीची बरणी कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. आप्पांनी भिंतीकडचं तोंड इकडं वळवलं. “चटणी बंद? मग वाचून तरी काय करू?”

आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. मी आप्पांच्या कॉटवर बसले. ‘नर्व्ह’ला मराठीत काय म्हणतात ते मला ऐनवेळी आठवेना. “आप्पा, मणक्यातून ते... वायर... शीर... असं निघतं ना...” आप्पा अनोळखी गिऱ्हाइकाकडं बघावं तसे बघत होते. मग एकदम सुचलं.

“आप्पा, मणक्यातून दोर निघतात. प्रत्येक बाजूला वेगळा. उजवीकडचा पोटाच्या मध्यापर्यंत येतो आणि संपतो. डावीकडचा निराळा. मध्ये जोड नाही.”

आप्पा उठून बसले.

“गाठ न्हाय मारलेली?”

“नाही.”

“तुटक हाय म्हणतीस?”

“तुटक आहे. तुमचा उजवा दोर खराब झालाय. नागीण त्याच्यावरनंच जाते. डाव्यावर उडी मारत नाही. त्यामुळं डोकं आणि शेपूट भेटूच शकत नाहीत.”

“किती एमएमचा दोर?”

“बारीक असेल. तुमच्या सुतळीसारखा.”

“सुतळीचा काय भरवसा,” आप्पा म्हणाले, पण चेहऱ्यावर थोडा रंग आला. “न्हाय जात पुढं, हे कशावरनं?”

मी निळं बॉलपेन आणलं. फोडांचा पट्टा जिथं संपत होता तिथं, मागं एक आणि पुढं एक, अशा दोन उभ्या रेघा आप्पांच्या अंगावर आखल्या. “ही बघा बॉर्डर. मामा येईपर्यंत ही ओलांडली तर मामा. नाही ओलांडली तर डॉक्टर.”

माझ्या आयुष्यातला तो पहिला व्यवहार होता आणि आप्पांनी तो मान्य केला!

त्यानंतर घरात क्रिकेटची मॅच चालू असल्यासारखं वातावरण झालं. आप्पा दाढीच्या आरशातून मागची रेघ बघत. काकू दर थोड्या वेळानं समोरून येऊन स्कोअर विचारत. मध्येच त्या ओरडल्या, “गेली! बॉर्डर वलांडली!” आप्पा धाडकन आडवे झाले. मी बघितलं, तर सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम येऊन माझी रेघच फिसकटली होती. मी बोटानं शाई पुसली आणि नव्यानं रेघ मारली. असं चारपाच वेळा झालं. मधल्या वेळात मी विचार करत पेनाचं टोपण चावत बसले होते. ही माझी शाळेपासूनची सवय आहे. तुम्ही ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

दुपारी मल्लप्पामामा आले. पांढरं धोतर, कपाळाला विभूती, कमरेला गेरूची पिशवी. त्यांनी पाणी घेतलं, चूळ भरली आणि आप्पांचा टॉवेल बाजूला केला. आणि हात मागं घेतला.

“हे निळा काय आहे?”

आई टॉवेल पुन्हा पांघरायला पुढं झाली.

“रेघ कोण मारला हे?” मामांचा आवाज चढला. “पुढं एक, मागं एक. नागीण आधीच कुणीतरी बांधलाय!”

“बांधलीय म्हणजे?” आईनं विचारलं.

“डोकं बांधला, शेपूट बांधला. आता ती पुढं जात नाही. आमच्यात नियम आहे बघ. एकानं बांधलेल्या नागिणीला दुसरा हात लावत नाही. उलटतो!” मामांनी पिशवीची गाठ पुन्हा आवळली. “कोण बांधला?”

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मामांनीही बघितलं, आणि त्या नजरेत पहिल्यांदाच माझ्यासाठी मान होता.

“कुणाची विद्या ही?”

मी उत्तर जुळवायला घेतलं. तेवढ्यात आप्पा कॉटवरून अभिमानानं म्हणाले, “इंग्लिश मीडियमची!”

मामांनी समजल्यासारखी मान हलवली. “पुढचं आता तिनंच करायला पाहिजे. ज्यानं बांधला, त्यानंच सोडवायचा.” चहा घेऊन ते दुधनीच्या गाडीला गेले. जाताना मला म्हणाले, “निळा शाई लागतो काय त्याला? आम्ही अजून लालवरच आहे.”

रेघेपुढं नागीण गेली नव्हती, मामा माघारी गेले होते, आणि ज्यानं बांधलं त्यानं सोडवायचं होतं. मी रिक्षा बोलावली (एका दिवसात दुसरा फोन!) आणि संध्याकाळी आम्ही डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पोचलो.

बाईंनी फोड बघितले आणि म्हणाल्या, “बरं झालं, वेळेत आलात.” हे वाक्य मी अजून अधूनमधून मनात ऐकते. दिवसातून पाच वेळा घ्यायच्या गोळ्या, आग कमी व्हायला वेगळी गोळी, वरून लावायला लोशन. फोड फोडायचे नाहीत, झाकून ठेवायचे. आईनं सर्वात महत्त्वाचा प्रश्न विचारला.

“डॉक्टर, शेंगाचटणी चालेल का वो?”

“चालेल की. शेंगांचा काय संबंध?”

आप्पांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना आत्ता खऱ्या अर्थानं वाचवलं होतं.

“एक लक्षात ठेवा,” बाई म्हणाल्या. “ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही, त्यांनी ह्या फोडांना हात लावायचा नाही. फोडांतल्या पाण्यातून त्यांना कांजिण्या होऊ शकतात. तुला होऊन गेल्यात ना?”

प्रश्न मला होता. दवाखाना भरलेला होता, सगळे माझ्याकडं बघत होते आणि दिवसभराचं बोलून माझा वर्षाचा कोटा संपला होता. अशा वेळी संभाषण संपवायचा माझा एक हमखास मार्ग आहे.

“हो,” मी म्हणाले.

आई तेव्हा कुलपाची किल्ली आप्पांच्या हातात देत होती. तिचं लक्ष नव्हतं.

आप्पा बरे झाले. फोड सुकले, खपल्या पडल्या, आग थोडे आठवडे रेंगाळून कमी झाली. नागीण रेघेच्या पुढं कधीच गेली नाही. दुकानात आप्पा दोर मोजता मोजता गिऱ्हाइकांना सांगू लागले, “मणक्यातनं दोर निघतो बघा. तुटक असतो. आमच्या पोरीनं आखून दाखवलं.” गल्लीत माझं नाव झालं. पाठीवर काहीही उठलं की बाया माझ्याकडं पेन घेऊन येऊ लागल्या. मी कडी लावून बसू लागले.

त्या निळ्या रेघांना साधारण दोन आठवडे झाले असतील. एका सकाळी मीटिंगमध्ये मला थंडी वाजून आली. दुपारी आरशात बघितलं, तर कपाळावर, गालावर, मानेवर पाणीदार पुरळ. आईनं एक नजर टाकली.

“कांजिण्या की गं ह्या!”

“पण मला झाल्या होत्या ना?”

“तुला कुठं! दादाला झालत्या. तुला लागू नयेत म्हणून अकलूजला आत्याकडं नेऊन ठेवलं नव्हतं का महिनाभर? लस टोचू म्हणलं तर तू आत्याच्या माळ्यावर लपून बसलतीस.” मला फोडांजवळची शाई पुसलेलं बोट आणि चावलेलं टोपण आठवलं. मग तिलाही काही आठवलं. “मग डॉक्टरीणबाईंना ‘हो’ का म्हणालीस?”

मी उत्तर जुळवायला घेतलं. ते अजून जुळतंय.

बाईंनी मला लगेच ओळखलं. “तू ‘हो’ म्हणाली होतीस.”

“हो,” मी म्हणाले.

त्या हसल्या. मोठेपणी कांजिण्या जास्त त्रास देतात, म्हणाल्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि खपल्या धरेपर्यंत एका खोलीत राहायला सांगितलं. कुणाला भेटायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, जेवणाचं ताट दाराबाहेर. (मला वाटतं, या आजाराचं औषध माझ्यासाठीच शोधलेलं असावं.) आप्पा रोज दुकानाला निघताना दारात यायचे. हातात निळं पेन.

“रेघ मारू का गं?”

“आप्पा, कांजिण्या सगळ्या अंगावर येतात. रेघ कुठं मारणार?”

“मग घराभोवती मारतो,” म्हणायचे आणि जायचे.

एका दुपारी दुकानातून त्यांचा फोन आला. “श्रुती, स्पीकरवर हायेस. आपले नागेशराव आलेत. पिशवीला नाडी पाहिजे म्हणून चार एमएमचा दोर न्यायला. ते विचारायलेत, आपल्याकडची नागीण शेवटी कुठं सोडली?”

डॉक्टरीणबाईंनी निघताना मला सांगितलं होतं. पुरळ जातं, पण विषाणू जात नाही. मणक्यापाशी, मज्जातंतूच्या मुळाशी जाऊन पडून राहतो. जन्मभर. त्यामुळं आयुष्यात पहिल्यांदाच मला वाक्य जुळवावं लागलं नाही.

“त्यांना सांगा, बाहेर कुठं सोडली नाही. माझ्यातच आहे. झोपलीय सध्या.”

पलीकडून नागेशरावांचा तोच गंभीर आवाज आला.

“मॅडम, जागी झाली तर ह्या वेळी आधी डॉक्टरांना फोन कराल ना?”

मला संभाषण संपवायचं होतं.

“हो,” मी म्हणाले.